ताईच्या मागे फिरणारा कॅमेरा

रेकॉर्ड केलेली लेक्चर्स आपण सगळ्यांनीच बघितली आहेत. कुणी गेटच्या तयारीसाठी, कुणी नोकरी बदलायच्या आधी रात्री जागून, कुणी "यंदा मशीन लर्निंग शिकायचंच" असा एक जानेवारीचा संकल्प सोडून. (तिसऱ्या प्रकारातल्या मंडळींची पहिली दोनच लेक्चर्स बघून झालेली असतात. :) ) पण लेक्चर बघताना कधी कॅमेऱ्याकडे लक्ष गेलंय? बहुतेक नसेल. गेलंच असेल तर वैतागून. एक असतो मागच्या भिंतीला ठोकलेला कॅमेरा, ज्यात अख्खा फळा पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्यामागे माणूस असतो, पण त्याची जेवणानंतरची डुलकी चालू असते. सर फळ्याच्या डाव्या टोकाला जीव तोडून लिहितायत आणि आपण उजव्या टोकाचं, कालच्या तासाचं न पुसलेलं समीकरण बघतोय.

आता तिसरा प्रकार आलाय. कॅमेऱ्यामागे माणूस नाही, कॅमेरा आपला आपणच शिक्षकाच्या मागे मान वळवतो. गेले चार वीकेंड मी या प्रकाराशी झटापट करतोय, म्हणून आजचा विषय हा.

निमित्त ताईचं. माझी मोठी बहीण नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. आयटीतल्या मंडळींसाठी खुलासा: जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे, सुट्टीत शून्य, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने मुलाखत. बारा वर्षं झाली, ताई दर जूनमध्ये स्वतःच्याच कॉलेजात फाईल घेऊन मुलाखतीला जाते.

तिच्या वर्गात रेकॉर्डिंग सुरू झालं ते २०२० च्या लॉकडाउनमध्ये. तेव्हा मोबाइल स्टुलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवलेला असायचा. कॉलेज उघडल्यावर ते बंद व्हायला हवं होतं, पण मुलं मागत राहिली. कारण कांदा. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते, मजूर मिळत नाहीत, आणि घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर ते वाफ्यात दिसतं, वर्गात नाही. एक मुलगी तीन आठवडे आली नाही आणि आल्यावर तिने ताईला विचारलं, "मॅडम, तेवढ्या तासांचं रेकॉर्डिंग आहे का?" ताई म्हणते, त्या दिवसापासून तिने रेकॉर्डिंग हा विषय गांभीर्याने घेतला.

मग कॉलेजने एक जुना हँडीकॅम आणि ट्रायपॉड काढून दिला, आणि लॅबमधले मामा तो चालवू लागले. पुढे नॅकची भेट जवळ आली, एक वर्ग 'स्मार्ट' झाला आणि छताला तो स्वतः फिरणारा कॅमेरा आला. आठ दिवसांत ताईचा फोन आला.

"अरे, हे काय लावलंय? मी पाणी प्यायला वळले तरी माझ्याबरोबर वळतं. आणि बाकांमध्ये गेले की बावचळतं. तू येऊन बघ."

मी म्हटलं, "सेटिंग असेल काहीतरी, येतो शनिवारी."

ती जरा थांबून म्हणाली, "आणि हे सगळं कुठे साठतं, कोण बघतं, तेही बघ."

पहिली तक्रार तांत्रिक होती, म्हणून मी खुशीत गेलो. खरी तक्रार दुसरी होती, हे मला तिसऱ्या शनिवारी उमगायला लागलं. तिकडे येतोच. आधी गमतीचा भाग.

लेक्चर टिपून ठेवायची हौस फार जुनी. कॅलटेकमध्ये १९६१ ते १९६३ फाइनमन यांनी पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा त्यांचा आवाज टेपवर घेतला गेला आणि फळ्याचे फोटो काढले गेले. पुढे जगप्रसिद्ध झालेली पुस्तकं त्यातूनच तयार झाली. गंमत बघा, त्यांनी काय जपलं? आवाज आणि फळा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आपल्या जमातीचं दैवत म्हणजे एमआयटीच्या एबलसन आणि ससमन यांची प्रोग्रॅमिंगवरची लेक्चर्स. ती १९८६ साली एचपीच्या कर्मचाऱ्यांसाठी चित्रित झाली आणि आजही लोक ती बघतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. २००३ साली आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. आमच्या हॉस्टेलवर त्या व्हिडिओंची एक हार्ड डिस्क खोल्याखोल्यांतून प्रसादासारखी फिरायची.

या सगळ्यात कॅमेऱ्यामागे माणूस होता, आणि माणूस महाग पडतो. एखादं खास व्याख्यान असेल तर ठीक, पण विद्यापीठातला रोजचा प्रत्येक तास टिपायचा म्हटला तर तेवढी माणसं आणायची कुठून? म्हणून नव्वदच्या दशकाअखेर लोक या प्रश्नाच्या मागे लागले. अमेरिकेत बेलकोरमध्ये 'ऑटोऑडिटोरियम' नावाची यंत्रणा तयार झाली. १९९८ च्या सुमारास तिच्याबद्दल लिहून आलं: सभागृहात बरेच कॅमेरे, ऑपरेटर एकही नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकलं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याख्यात्याचा एक 'कॅमेरामन' होता, श्रोत्यांचा दुसरा, आणि या दोघांपैकी कुणाचं चित्र दाखवायचं हे ठरवणारा एक 'दिग्दर्शक'. सगळे आभासी.

आता यंत्राला शिक्षक सापडतो कसा? सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेमची वजाबाकी. जिथे फरक, तिथे हालचाल. जिथे हालचाल, तिथे शिक्षक. कागदावर झकास. प्रत्यक्ष वर्गात पंखा चालू केला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं आणि कॅमेरा निघाला कॅलेंडरकडे. प्रोजेक्टरवर स्लाइड बदलली की अख्खा पडदाच 'हलला'. पहिल्या बाकावरच्या मुलाने डोकं खाजवलं की शिक्षक तोच.

मग चेहरा शोधायचा. २००१ साली व्हायोला आणि जोन्स यांनी चेहरे झटपट ओळखण्याची पद्धत काढली. नंतरच्या काळातले डिजिटल कॅमेरे माणसांच्या तोंडाभोवती चौकोन काढायचे ना, ते याच घराण्यातले. मी घरी गंमत म्हणून ताईच्या एका जुन्या रेकॉर्डिंगवर ओपनसीव्हीमधला तो जुना प्रोग्रॅम चालवून बघितला. फळ्याच्या वर सावित्रीबाईंची तसबीर आहे. प्रोग्रॅमला सावित्रीबाई प्रत्येक फ्रेममध्ये न चुकता सापडल्या. ताई मात्र ती मुलांकडे वळेल तेवढ्यापुरती सापडली, कारण गणिताच्या शिक्षकाचा निम्मा तास फळ्याकडे तोंड करून जातो. ताईला हे दाखवलं तर म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. वर्गात खरं लक्ष त्यांचंच असतं."

आजचे कॅमेरे यापेक्षा पुष्कळ हुशार आहेत. न्यूरल नेटवर्कला पाठमोरा माणूसही कळतो, अर्धा टेबलामागे झाकलेलाही कळतो. तरी एक अडचण उरतेच. माणूस सापडला, मोटरला हुकूम गेला, मोटर फिरली, एवढ्यात माणूस पुढे गेलेला. कॅमेरा कायम तुम्ही मघाशी होतात तिथे पोचतो. म्हणून तो पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठीचं गणित कालमान यांनी १९६० साली मांडलं, आणि अपोलो यानांच्या मार्गदर्शनात ते वापरलं गेलं. चंद्रावर जायला वापरलेलं गणित आता शिक्षक टेबलाकडून फळ्याकडे किती वाजता पोचेल हे सांगतं. असो.

पण मागे लागणंही फार चोख झालं की बघणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं. ताई बोलताना डोलते. कॅमेरा तिच्याबरोबर डोलायला लागला की सगळा फळाच डोलतो. उपाय तसा सोपा आहे, आणि ज्यांनी थर्मोस्टॅट बघितलाय त्यांना तो माहीत आहे. चौकटीच्या मध्ये एक काल्पनिक पेटी ठेवायची. माणूस त्या पेटीत आहे तोवर कॅमेऱ्याने ढिम्म हलायचं नाही. पेटी ओलांडली तरच हलायचं, आणि एकदाच, संथपणे. पहिल्या शनिवारी आम्ही एवढंच केलं आणि निम्मी तक्रार मिटली.

उरलेली निम्मी मात्र चिवट निघाली.

त्या मायक्रोसॉफ्टवाल्यांनी एक शहाणपणाचं काम केलं होतं. कोड लिहायच्या आधी ते व्यावसायिक कॅमेरामन लोकांशी जाऊन बोलले आणि त्यांचे नियम लिहून काढले. सुरुवातीला सगळा हॉल दाखवा, म्हणजे बघणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. एक दृश्य काही सेकंद तरी टिकू द्या. वक्ता ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे जागा सोडा. तो फार येरझारा घालत असेल तर मागे धावू नका, थोडं मोठं दृश्य घेऊन गप्प बसा. कुणी प्रश्न विचारला तर विचारणारा दाखवा, आणि तो सापडला नाही तर सगळा हॉल दाखवा. हे सगळं यंत्राला शिकवल्यावर निकाल माणसाने चालवलेल्या कॅमेऱ्याच्या जवळपास आला, असा त्यांचा निष्कर्ष.

दुसऱ्या शनिवारी मीही तेच केलं. मामांशी बोललो.

मामांना सेवेची अठ्ठावीस वर्षं झालीयेत, निवृत्तीला दोन उरलीत. गणित त्यांना येत नाही असं ते स्वतःच सांगतात. मी विचारलं, "मामा, फळा कधी दाखवायचा आणि मॅडम कधी, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"त्यात काय," मामा म्हणाले, "मॅडम 'आता गंमत बघा' म्हणाल्या की फळ्यावर जायचं. 'कळलं का?' म्हणाल्या की मागं यायचं, पोरांची तोंडं बघायला."

मी दोन-तीन जुनी रेकॉर्डिंग काढून बघितली. खरंच होतं. ताईचा खडू फळ्याला टेकायच्या आधी हँडीकॅम तिथे पोचलेला असायचा. मामा हालचालीच्या मागे जात नव्हते, बोलण्याच्या पुढे जात होते. कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर 'शिक्षक कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर फार छान देतं. बघणाऱ्या मुलाला हवं असतं ते 'आत्ता कुठे बघायचं' याचं उत्तर. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

गणितात तर फारच वेगळे. एक्स-वर्ग हे फल सातत्यपूर्ण आहे, ही एप्सिलॉन-डेल्टाची सिद्धता आठवा. (घाबरू नका, परीक्षा नाही.) पहिल्याच ओळीत ताई लिहिते की डेल्टा म्हणून 'एक' आणि 'एप्सिलॉन भागिले, एक अधिक दोन मापांक ए' यांतली लहान संख्या घ्या. मुलांना तेव्हा वाटतं, हे आकाशातून पडलं. सहाव्या ओळीत सगळे तुकडे जुळतात आणि ती लहान संख्या का घेतली ते कळतं. पण ते कळायला सहावी ओळ वाचताना नजर पहिल्या ओळीकडे जावी लागते. कॅमेरा जर सहाव्या ओळीपाशी उभ्या ताईचा सुंदर, स्थिर, मध्यभागी आलेला अर्धपुतळा दाखवत असेल, तर पहिली ओळ चौकटीबाहेर. वर्गातलं मूल मान वळवतं. रेकॉर्डिंग बघणाऱ्याची मान आपण कापलेली असते. कॅलटेकवाल्यांनी फळ्याचे फोटो का काढले, ते इथे समजतं.

यावरही लोकांनी विचार केलाय. विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्लायकर आणि सहकाऱ्यांनी २००० च्या दशकात उलटा मार्ग धरला: वर्गात कॅमेरे हलवायचेच नाहीत. सगळं स्थिर टिपून घ्यायचं, आणि फळ्याच्या कुठल्या भागाकडे कधी बघायचं हे तास संपल्यावर सॉफ्टवेअरने निवांत ठरवायचं. नंतर ठरवण्याचा मोठा फायदा म्हणजे पुढे काय होणार ते माहीत असतं. मामांचं कसब यंत्राला आयतं मिळतं. पुढे फोर-के कॅमेरे स्वस्त झाले आणि हे आणखी सोपं झालं. ३८४० बाय २१६० च्या चित्रातून १९२० बाय १०८० चा, म्हणजे बरोबर पाव क्षेत्रफळाचा तुकडा कापून घेतला तरी तो फुल एचडीच असतो. केप टाउन विद्यापीठाने 'ट्रॅक-फोर-के' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर याच तत्त्वावर केलंय. मोटर नाही, करकर नाही, मागे पडणं नाही.

आमच्याकडे फोर-केचं बजेट नव्हतं. आम्ही फळ्याचे तीन भाग केले. ताई ज्या भागात असेल तो आख्खा भाग दिसेल, असे तीन ठरावीक कोन कॅमेऱ्यात भरून ठेवले. ती बाकांमध्ये गेली की सगळा वर्ग न दाखवता सगळा फळा दाखवायचा. शिवाय मामांच्या सूचनेवरून बाजूच्या भिंतीवर एक जुना मोबाइल लावला, जो पूर्ण तासभर फक्त फळा टिपतो. या मोबाइलचं रेकॉर्डिंग मुलं मुख्य कॅमेऱ्याइतकंच बघतात.

इथे पोस्ट संपायला हरकत नव्हती. पण तिसऱ्या शनिवारी, मी लॅपटॉप मिटताना ताई म्हणाली, "छान झालं. आता पुढच्या वर्षी मला कशाला बोलावतील?"

मी हसलो, ती हसली नाही.

तिचा हिशोब साधा होता. तिला पैसे तासाचे मिळतात. या वर्षीचे सगळे तास स्वच्छ आवाजात, नीट फळ्यासकट टिपले गेले, तर पुढच्या जूनमध्ये कॉलेजकडे दोन पर्याय असतील: ताईला पुन्हा बोलवायचं, किंवा मामांना प्लेचं बटण दाबायला सांगायचं. मजा बघा, ऑटोमेशन म्हटलं की आपण विचार करतो कॅमेरामनच्या नोकरीचा. मामा कायम सेवेत आहेत, त्यांना दुसरं काम मिळालंय, पेन्शन ठरलेली आहे. धोका कॅमेऱ्यापुढच्या माणसाला आहे.

ही भीती अगदीच हवेतली नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅनडातल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याला ऑनलाइन कोर्समधल्या प्राध्यापकांना काही विचारायचं होतं. शोधायला गेला तर कळलं की ते प्राध्यापक, फ्रान्स्वा-मार्क गान्यों, २०१९ मध्येच वारले होते. लेक्चर्स चालू होती, माणूस नव्हता. आणि कॅमेऱ्याचं तोंड बाकांकडे वळवायलाही फार काही लागत नाही. हार्वर्डमध्ये हजेरीचा अभ्यास करायला म्हणून २०१४ साली वर्गांत विद्यार्थ्यांना न सांगता फोटो काढले गेले; २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ते बाहेर आलं आणि बराच गदारोळ झाला. तिथे निदान आवाज उठवायला कायम नोकरीतले प्राध्यापक होते.

मी घरी येऊन आपला कॉपीराइट कायदा उघडला. (हो, शनिवारी रात्री. माझं आयुष्य असंच आहे.) १९५७ च्या या कायद्यात १९९४ साली 'सादरकर्त्या'ची व्याख्या आली. तिच्या यादीत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि त्यांच्याच रांगेत 'व्याख्यान देणारी व्यक्ती' आहे! म्हणजे ताईला तिच्या सादरीकरणावर हक्क आहे, गारुड्याइतकाच. मी उत्साहात फोन केला. ती म्हणाली, "पुढचं वाच." पुढे लिहिलंय की निव्वळ प्रामाणिक अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग या हक्काचा भंग ठरत नाही. कॉलेज दुसरं काय म्हणणार आहे? गणिताच्या बाईंशी वाद घालताना सगळ्या अटी वाचाव्यात.

मला तिच्या बाजूचा खरा पुरावा सापडला तो कायद्यात नाही, १९७७ सालच्या एका शोधनिबंधात. स्टॅनफर्ड विद्यापीठ १९६९ पासून आसपासच्या कंपन्यांतल्या इंजिनिअरांना टीव्हीवरून वर्ग दाखवत होतं. एचपीचा एक विभाग सांता रोझाला गेला, आणि तिथवर प्रक्षेपण पोचेना. मग प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी वर्गाच्या टेप पाठवायला सुरुवात केली, पण एका अटीवर: टेप एकट्याने बघायची नाही. लहान गटात बसायचं, बरोबर विषय जाणणारा एक मार्गदर्शक, आणि कुणालाही शंका आली की टेप थांबवायची, बोलायचं, मग पुढे जायचं. निकाल असा की ही मंडळी प्रत्यक्ष वर्गात बसलेल्यांच्या तोडीस तोड, किंबहुना काकणभर सरसच ठरली. टेप तीच, वर्ग तोच. जादू थांबवण्यात आणि थांबवल्यावर बोलणारं कुणीतरी असण्यात होती.

त्या कांदेवाल्या मुलीचंही तेच. तिने ती सिद्धता पाच वेळा बघितली, वेग कमी करून, आणि मग सहावी ओळ घेऊन ताईकडे आली. "मॅडम, इथे एकच का? दोन घेतला तर?" ताई म्हणते, बारा वर्षांत हा प्रश्न विचारणारं ते पहिलं मूल. (दोन घेतला तरी चालतं. डेल्टा तेवढा थोडा बदलावा लागतो.) रेकॉर्डिंग नसतं तर तो प्रश्न तिला पडला नसता. ताई नसती तर तो पडून तसाच राहिला असता.

हे सगळं ताईने एका कागदावर लिहून काढलं आणि प्राचार्यांकडे नेलं. चार मुद्दे. एक, कॅमेरा बाकांकडे वळणार नाही. दोन, टेबलावर एक बटण असेल, शिक्षकाला वाटेल तेव्हा रेकॉर्डिंग थांबवता येईल. तीन, रेकॉर्डिंग फक्त त्या सत्राच्या मुलांसाठी, सत्र संपलं की पुसायचं किंवा शिक्षकाच्या लेखी परवानगीनेच ठेवायचं. चार, नेमणुकीच्या तासिका मोजताना रेकॉर्डिंग दाखवलेला तास धरायचा नाही. आणि धरलाच तर तो शिकवणाऱ्याच्या नावावर धरायचा.

प्राचार्यांनी कागद नीट वाचला, हे मान्य करायला हवं. पहिले दोन मुद्दे तिथल्या तिथे मंजूर झाले. चौथ्या शनिवारी मी जाऊन बाकांकडचा कोन कॅमेऱ्यात कायमचा बंद केला आणि टेबलाला लाल बटण बसवलं. तिसऱ्या मुद्द्यावर "समितीपुढे ठेवू" असं उत्तर आलं. चौथ्यावर "बघू."

मी ताईला म्हटलं, "तोवर रेकॉर्डिंग बंद ठेव. बटण आहे ना तुझ्याकडे." आपल्या क्षेत्रात वाटाघाटी अशाच करतात, नाही का?

ताई म्हणाली, "डिसेंबर आलाय. पोरं शेतात जातील. बटण दाबून मी नक्की कुणाला शिक्षा करू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. रेकॉर्डिंग चालू आहे. तुमच्यापैकी जे कुणी अशी उत्पादनं बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत त्यांना एवढंच सांगेन: पाठलाग करण्याचं अल्गोरिदम आणखी अर्ध्या टक्क्याने सुधारण्याआधी ते थांबवायचं बटण आणि पुसण्याची तारीख, या दोन गोष्टी डब्यातच घालून द्या. कोड फार नाही, एका स्प्रिंटचं काम आहे.

समितीची बैठक फेब्रुवारीत आहे. मुलाखती नेहमीप्रमाणे जूनमध्ये. काय होतं ते कळवीन.